संगणकाची बिनतारी जोडणी



व्याख्यानमालेच्या चिटणिसांचे पत्र आले तेव्हा मला वाटले की, मजुरीवाढीवर किंवा कामगार कायद्यांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा असणार. तसे उत्तर मी लिहावयास घेतलेही होते. परंतु पत्राच्या शेवटी 'विषय आपल्या पसंतीचा' असे शब्द होते. तेव्हा गेल्या चारपाच वर्षांत ज्या एका वस्तूने मला फार शिकवले, ती वस्तूच आज आपल्यापुढे घेऊन आलो आहे. ही पाहा. मागच्या रांगेतून दिसावयाची नाही, कारण ती अंगठ्याच्या पेराएवढी आहे. हिला बिनतारी नेटवर्क अडॅप्टर म्हणतात. संगणकाला ही खोचली म्हणजे तो तारेवाचून इंटरनेटला जोडला जातो. निदान जोडला जावा अशी अपेक्षा असते.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तेव्हापासून अशा व्यासपीठांवर मोठमोठे पंडित उभे राहिले. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. सोळाव्या वर्षी मी इचलकरंजीत यंत्रमागावर उभा राहिलो, आणि पुढे युनियनच्या कामात पडलो तो आजतागायत त्यातच आहे. इंग्रजी शिकलो ते कामगार न्यायालयाच्या नोटिसा वाचून. तेव्हा माझ्या बोलण्यात तांत्रिक चूक झाली तर सभेतल्या इंजिनीअर मंडळींनी नंतर खुशाल कान धरावा.

मी या फंदात कसा पडलो ते आधी सांगतो. २०२१ च्या ऑगस्ट महिन्यात केंद्र सरकारने असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नावाची नोंदणी सुरू केली. सोळा ते एकोणसाठ वर्षे वयाच्या कामगाराने आपला आधार क्रमांक, धंदा आणि बँकेचे खाते नोंदवावयाचे व कार्ड घ्यावयाचे. नोंदणीला फी नव्हती. पण आमचा माणूस बारा तासांची पाळी संपवून एखाद्या दुकानी जाई, रांगेत उभा राही, आणि नोंदणी झाल्यावर त्याच्याकडून कोणी पन्नास रुपये घेई, कोणी शंभर. कार्यकारिणीत विषय निघाला आणि ठराव झाला की, ही नोंदणी युनियनच्या कार्यालयात फुकट करून द्यावी.

आमचे कार्यालय म्हणजे एका जुन्या वाड्याच्या माडीवरच्या दोन खोल्या. इंटरनेटची पेटी, म्हणजे राउटर, बाहेरच्या खोलीत. संगणक आतल्या खोलीत. आणि मध्ये दोन फूट जाडीची भिंत. भिंतीला भोक पाडू देण्यास घरमालक राजी नव्हते. संगणकही नवा नव्हता. एका पतसंस्थेने नवे संगणक घेतले तेव्हा जुन्यांपैकी एक आम्हांला दिला होता, आणि त्यात बिनतारी सोय मुळीच नव्हती. आमच्या खजिनदारांनी साडेचारशे रुपये देऊन हे अडॅप्टर आणले. खोचले. काहीच झाले नाही.

डब्यात एक छोटी तबकडी होती. ती घालावयाचा संगणकाचा कप्पा कधीच मेलेला. डब्यावर लिहिले होते की, तबकडी नसेल तर तोच माल इंटरनेटवरून उतरवून घ्यावा. आता इंटरनेट यावे म्हणूनच तर हे अडॅप्टर आणलेले! विहिरीत पडलेला पोहरा काढावयाचा तर दोर पोहऱ्यालाच बांधलेला, अशी ती गत. खजिनदार संगणक रिक्षात घालून दुकानी घेऊन गेले. दुकानदाराने दहा मिनिटे पाहिले आणि म्हणाला, "साहेब, मशीन जुनं झालंय. विकून टाका आणि नवीन घ्या." नव्याची किंमत तीस हजार. आमची वर्गणी माणशी वर्षाला पन्नास रुपये. म्हणजे सहाशे माणसांची वर्षभराची वर्गणी एका संगणकात जावयाची. खजिनदार चेकबुक काढण्याच्या बेतात होते. मी दोन दिवसांची मुदत मागितली.

ती मुदत मी का मागितली? संगणकातले मला काही कळत होते म्हणून नव्हे. मी मागावर वाढलेला माणूस आहे. माग बंद पडला म्हणजे कोणी तो भंगारात घालत नाही. आधी पाहतात ताण्याचा धागा तुटला का. मग कांडी संपली का. धोटा अडकला का. मोटारीला वीज येते का. तुटलेली जागा सापडली की गाठ मारतात आणि माग चालू होतो. 'मशीन जुने झाले' हे निदान नव्हे. निदान टाळण्याची ती युक्ती आहे. ती आम्ही कारखानदारांच्या तोंडून माणसांबद्दलही ऐकलेली आहे.

त्या दोन दिवसांत आम्हांला वाट दाखविली ती आमच्या एका सभासदाच्या मुलीने. ती तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने डबा हातात घेतला आणि म्हणाली, "काका, तुम्ही डब्यावरचं नाव वाचताय. आत चिप कुठली आहे ते बघा." आणि तिने संगणकाला जे प्रश्न ज्या क्रमाने विचारले, तो क्रम मी वहीत उतरवून घेतला. आजचे व्याख्यान म्हणजे बहुतांशी ती वही होय.

पहिला प्रश्न असा की, खोचलेली वस्तू संगणकाला दिसते तरी का? विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर नावाची एक यादी असते. संगणकाच्या पोटात आणि पाठीला काय काय जोडले आहे त्याची ती हजेरीच. अडॅप्टर खोचावे आणि या यादीत एखादी ओळ वाढली का ते पाहावे. वाढली नाही तर खाच बदलावी. पेटीच्या पुढच्या बाजूच्या खाचा पुष्कळदा सैल असतात. मागच्या खाचा थेट मुख्य पाटीवर बसविलेल्या असल्याने अधिक भरवशाच्या. आमच्या यादीत ओळ वाढली होती, पण ती भलतीच. संगणक म्हणत होता की, तबकडीचा नवा कप्पा जोडला आहे! यातली गंमत अशी की, काही अडॅप्टर खोचल्याबरोबर आपण तबकडी असल्याचे सोंग घेतात. त्यांच्या पोटात थोडा माल भरलेला असतो, तो संगणकात बसविला म्हणजे ते सोंग टाकून खऱ्या रूपात येतात. आमच्याने सोंग टाकले, पण पुढे पिवळे उद्गारचिन्ह आले आणि अठ्ठावीस हा आकडा आला. अठ्ठावीसचा अर्थ, या वस्तूचा ड्रायव्हर बसविलेला नाही.

ड्रायव्हर हा शब्द ऐकून आपल्यापुढे ट्रकवाला उभा राहतो. मला मात्र जॉबर आठवतो. जॉबर म्हणजे मागाची जुळणी करणारा कारागीर. विणकर मागाला 'चल' म्हणतो, पण त्या मागाचा स्वभाव, त्याची कोणती कळ किती आवळावी, हे जॉबरला ठाऊक. तसेच येथे. संगणक म्हणतो 'हा मजकूर हवेत सोड'. पण त्या विशिष्ट चिपला ते कोणत्या भाषेत सांगावयाचे, हे ज्या छोट्या आज्ञावलीला ठाऊक असते ती ड्रायव्हर. चिप बदलली की जॉबर बदलला.

आणि येथेच डब्याचे नाव फसविते. अडॅप्टर विकणारी कंपनी एक असते आणि आतली चिप घडविणारी दुसरीच असते. एकाच नावाचे, एकाच रंगाच्या डब्यातले अडॅप्टर पहिल्या आवृत्तीत एका कंपनीची चिप घेऊन येते आणि दुसऱ्या आवृत्तीत दुसऱ्याच कंपनीची. फरक एवढाच की, मागच्या बाजूस मुंगीएवढ्या अक्षरांत आवृत्तीचा आकडा बदललेला असतो. पहिलीचा ड्रायव्हर दुसरीला चालत नाही. आमच्या दुकानदाराने नेमके हेच केले होते. नाव पाहून ड्रायव्हर घातला, आवृत्ती पाहिली नाही, आणि दोष मशीनच्या वयावर टाकला.

मग खरी ओळख कशी पटवावयाची? यूएसबीच्या प्रत्येक वस्तूच्या पोटात दोन क्रमांक कोरलेले असतात, प्रत्येकी चार चिन्हांचे. पहिला बनविणाऱ्याचा, दुसरा त्याच्या मालाचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पिवळ्या ओळीवर दोनदा टिचकी मारावी, तपशिलाच्या पानावर जावे आणि हार्डवेअर आयडी पाहावा. हे दोन्ही क्रमांक तेथे मिळतात. ते कागदावर उतरवून त्यांचाच शोध घ्यावा. डबा खोटे बोलेल, दुकानदार चुकेल, पण हा क्रमांक सहसा चुकत नाही.

राहिला विहिरीचा आणि पोहऱ्याचा घोळ. तो त्या मुलीने दोन मिनिटांत सोडविला. तिने आपला फोन चार्जिंगच्याच तारेने संगणकाला जोडला आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केले. फोनचे इंटरनेट तारेतून संगणकात आले. त्याला वेगळा ड्रायव्हर बहुधा लागत नाही. तेवढ्या वेळात खरा ड्रायव्हर उतरवून घेतला. मी कपाळाला हात लावला. तारेवाचूनच्या जोडणीसाठी आम्ही चार दिवस धडपडत होतो आणि उपाय खिशातल्या तारेत होता. एक मात्र बजावतो: ड्रायव्हर घ्यावयाचा तो बनविणाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच. 'सर्व ड्रायव्हर येथे फुकट मिळतील' असे म्हणणारी जी दुकाने इंटरनेटवर आहेत, त्यांतून ड्रायव्हरबरोबर चोरही घरात येतो.

ज्यांना बाहेरचे खोचण नको असेल त्यांच्यासाठी पेटीच्या आत बसविण्याचे कार्डही मिळते. ते अधिक दमदार असते. पण पेटी उघडण्यापूर्वी वीज बंद करून तार काढून ठेवावी आणि पेटीच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावावा. अंगातली स्थिर वीज तेथे उतरते, नाहीतर ती नाजूक भागांवर उतरते. अँटेना मात्र पेटीच्या पाठीमागे भिंतीकडे तोंड करून राहतात, हा त्यातला तोटा.

ड्रायव्हर बसला, उद्गारचिन्ह गेले. पुढचा प्रश्न: अडॅप्टरला ऐकू काय येते? आसपासच्या राउटरांची नावे पडद्यावर उमटली. आमच्याच राउटरचे नाव त्यांत कधी दिसे, कधी नाहीसे होई.

हा प्रश्न लहरींचा आहे, म्हणून थोडा थांबतो. या राउटरच्या लहरी दोन प्रकारच्या पट्ट्यांत असतात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एका लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वितीपेक्षा कमी. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात त्याच्या निम्म्याहूनही थोडी कमी. आखूड लहरींत मजकूर जास्त मावतो, पण भिंतीपुढे त्या लवकर थकतात. स्वस्त अडॅप्टरांना पुष्कळदा पहिला पट्टाच कळतो. राउटर केवळ दुसऱ्या पट्ट्यात बोलत असेल तर त्यांच्या दृष्टीने तो मुकाच. जगदीशचंद्र बसूंनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात भिंतीपलीकडून अशाच अदृश्य लहरी पाठवून घंटा वाजविली होती आणि दारू पेटविली होती. त्यांच्या लहरी तर याहूनही आखूड, काही मिलिमीटरांच्या होत्या. आज आपल्या फोनपासून राउटरपर्यंत जे धावते ते त्याच कुळातले आहे. आणि ते आपण परवान्याशिवाय वापरतो, हेही काही नेहमीचे नव्हते. आमच्या घरी रेडिओ होता तेव्हा वडील त्याचे लायसन्स पोस्टात भरत असत. सभेतल्या वडीलधाऱ्यांना ते आठवत असेल. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भारत सरकारने परवान्यातून मोकळा केला तो २००५ च्या जानेवारीत. ५ गिगाहर्ट्‌झचा मोठा भाग २०१८ साली मोकळा झाला. रस्ता सर्वांना खुला झाला, म्हणून त्यावर गर्दीही झाली. मायक्रोवेव्हची भट्टीसुद्धा त्या पहिल्या पट्ट्यातच चालते.

या गर्दीत भांडण कसे होत नाही, हे वाचले तेव्हा मला सभाशास्त्राची आठवण झाली. नियम असा की, बोलण्यापूर्वी ऐकावे. कोणी बोलत असेल तर गप्प राहावे. तो थांबल्यावर सर्वांनी एकदम तोंड उघडू नये, म्हणून प्रत्येकाने मनाशी एक यदृच्छेने ठरलेला क्षणभराचा अवधी मोजावा आणि मग बोलावे. तरीही दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळलेच, तर दोघांनी माघार घेऊन आणखी थोडे जास्त थांबावे. १९९७ साली या बिनतारी पद्धतीचे पहिले मानक तयार झाले, त्यात हा नियम आहे. अध्यक्षावाचून चालणारी ही सभा! मी तीस वर्षे सभा घेत आहे. हा नियम पाळणारे सभासद मला अजून भेटावयाचे आहेत.

पण आमचे दुखणे गर्दीचे नव्हते. दप्तराचे लोखंडी कपाट नेमके संगणकाच्या पेटीला लागून उभे होते. लहरी दगडमातीतून कशाबशा येतात, लोखंडापुढे मात्र हात टेकतात. कपाट हलविणे शक्य नव्हते, कारण त्यात चाळीस वर्षांची दप्तरे. शेवटी हातभर लांबीची यूएसबीची जोडतार ऐंशी रुपयांना आणली, तिच्या टोकाला अडॅप्टर लावले आणि ते कपाटाच्या माथ्यावर ठेवले. लगेच नाव स्थिर झाले. ज्या संगणकाला निळ्या रंगाच्या, म्हणजे वेगवान यूएसबीच्या खाचा असतात, त्यांच्याकरिता ही जोडतार आणखी उपयोगाची; कारण त्या खाचा स्वतःच २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करतात, आणि अडॅप्टर त्यांच्यापासून जितके दूर तितके बरे. डब्यावर वेगाचा जो मोठा आकडा छापलेला असतो त्यावर मात्र जाऊ नये. प्रत्यक्षात त्याच्या निम्मा मिळाला तरी समाधान मानावे.

नाव दिसले, परवलीचा शब्द घातला, 'जोडले गेले' असे आले; तरी एकही पान उघडेना! येथे बहुतेक जण हात टेकतात. मुलीने पत्ता पाहिला. संगणकाला राउटरने दिलेला आकडी पत्ता असावा लागतो. घरगुती राउटर बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता देतात. आमचा १६९.२५४ ने सुरू होत होता. याचा अर्थ असा की, संगणकाने पत्ता मागितला, कोणी दिला नाही, तेव्हा त्याने आपल्या मनानेच एक लावून घेतला. राउटर बंद करून पुन्हा चालू केला आणि पत्ता मिळाला. गाणी लागली, बातम्या लागल्या. पण ई-श्रमचे पान 'ही जोडणी सुरक्षित नाही' म्हणून अडून बसले. अर्धा दिवस यात गेला. दोष सापडला तो घड्याळात. संगणकाच्या पाटीवर नाण्याएवढा एक सेल असतो. तो संपल्यामुळे संगणकाच्या लेखी ती तारीख २००९ सालची होती. सुरक्षित संकेतस्थळे आपल्या ओळखीचा दाखला दाखवितात आणि त्या दाखल्याला मुदत असते. २००९ मध्ये बसलेल्या संगणकाला २०२१ चा दाखला खोटा वाटला, यात त्याचे काय चुकले? वीसपंचवीस रुपयांचा सेल घातला, तारीख लावली, आणि त्या संध्याकाळी सायझिंगमधल्या एका कामगाराचे पहिले कार्ड निघाले. एकूण खर्च अडॅप्टरसकट साडेपाचशेच्या आसपास.

येथे मी थांबलो असतो तर ही यशाची कथा झाली असती. परंतु पुढे जे घडले ते सांगितल्यावाचून व्याख्यान प्रामाणिक होणार नाही.

नोंदणीचे काम वाढले तशी आम्ही सभासदांची यादी संगणकावर घेतली. नाव, कारखाना, पाळी, आधार क्रमांक, बँकेचे खाते. सुमारे अकराशे माणसे. खजिनदारांच्या लॅपटॉपवरूनही ती उघडावी म्हणून ती ज्या कप्प्यात होती तो कप्पा सामाईक केला, आणि दर वेळी पासवर्ड कोण मारणार म्हणून ती अटही काढून टाकली. ते मी केले. शिवाय नव्या राउटरला संगणक प्रथम जोडला जातो तेव्हा विंडोज एक प्रश्न विचारते, की या नेटवर्कवरच्या इतर यंत्रांना तुमचा संगणक दिसू द्यावयाचा का? प्रश्न नीट न वाचता 'हो' वर बोट मीच ठेवले होते. आणि राउटरचा परवलीचा शब्द? तो भिंतीवर खडूने लिहिलेला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला हवा असे. खालच्या चहाच्या गाड्यावरही तो सर्वांना पाठ होता, आणि त्या गाड्यावर चहा पिणाऱ्यांत कारखान्यांचे दिवाणजीही असत.

एके दिवशी गल्लीतला एक तरुण वर आला. आमच्याच एका सभासदाचा पुतण्या. त्याने फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर आमची यादी होती. "तात्या, हे मला खाली बाकावर बसून दिसतंय," तो म्हणाला. मजुरीवाढीची बोलणी चालू होती ते दिवस. कोणत्या कारखान्यातल्या कोणत्या पाळीत आमची किती माणसे आहेत, हे समजावे म्हणून काहींनी वर्षानुवर्षे प्रयत्न केलेले. ज्या कारखान्यांत आमचे सभासद उघडपणे युनियनचे नाव घेत नव्हते, त्यांचीही नावे त्यात होती. त्या पोराच्या आधी आणखी कोणी ती पाहिली होती का? मला ते आजतागायत कळलेले नाही. त्या रात्री मला झोप आली नाही, हे अतिशयोक्तीने सांगत नाही.

मी कार्यकारिणीपुढे सर्व मांडले. कोणी रागावले नाही, याचे मला जास्त लागले. आमच्यातले एक जुने वहिफणी कामगार ऐकत होते, त्यांनी एवढेच विचारले, "म्हंजे कपाटाला कुलूप हुतं, आन् भिंतच नव्हती?" याहून नेमके वर्णन मला कोणत्याही पुस्तकात सापडलेले नाही. मग ज्या ज्या सभासदाचे नाव यादीत होते त्या प्रत्येकाला निरोप दिला की, तुमची माहिती काही काळ उघडी होती. काहींनी आधार क्रमांक का घेतला म्हणून जाब विचारला. तो त्यांचा अधिकार होता.

त्यानंतर आम्ही काय केले ते आपल्या उपयोगी पडेल. यादीचा कप्पा सामाईक ठेवला नाही; यादीला स्वतंत्र परवलीचा शब्द घातला आणि आधार क्रमांक त्यातून काढून टाकले, कारण नोंदणी झाल्यावर ते ठेवण्याचे आम्हांला कारणच नव्हते. संगणकाला सांगितले की, हे नेटवर्क 'सार्वजनिक' समज. असे सांगितले म्हणजे तो शेजाऱ्यांना आपले तोंड दाखवीत नाही. राउटरच्या कारभाराच्या पानाचा शब्द आम्ही कधी बदललाच नव्हता. विकत आणला तेव्हा जो होता तोच होता, आणि तो तर जगाला ठाऊक असतो. तो बदलला. राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क काढण्याची सोय असते. ते काढले आणि चहाच्या गाड्याला त्याचा शब्द दिला. पोरांचे इंटरनेट तोडणे आम्हांला बरे वाटले नाही, आणि त्याची गरजही नव्हती.

कुलपाच्या जातीविषयी दोन शब्द. राउटरमध्ये सुरक्षेचे प्रकार निवडावयाचे असतात. त्यांतला डब्ल्यूईपी हा सर्वांत जुना. त्याचे बिंग २००१ सालीच फुटले, तो कोठे दिसला तर ते दार उघडेच समजावे. २००४ पासूनचा डब्ल्यूपीए टू अजून चालतो, आणि २०१८ पासूनचा डब्ल्यूपीए थ्री त्याहून बरा. जुन्या अडॅप्टरला तिसरा समजत नसेल तर परवलीचा शब्द बरोबर असूनही जोडणी होत नाही. अशा वेळी राउटरवर दोन्हींची मिश्र सोय निवडावी. बटण दाबून जोडण्याची जी डब्ल्यूपीएस नावाची सोय असते ती बंद करावी; तिच्या आठ आकडी क्रमांकाची फट २०११ साली उघडकीस आली आहे. आणि कुलूप कितीही चांगले असले तरी किल्ली खडूने भिंतीवर लिहू नये.

आता त्या जुन्या संगणकाचे पुढे काय झाले ते सांगून आटोपते घेतो. विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला आमचे मशीन चालत नव्हते. त्याला सुरक्षेची जी चिप लागते ती त्यात नाही, आणि प्रोसेसरही यादीबाहेरचा. पुन्हा एकदा 'विकून टाका' सुरू झाले. आम्ही त्यावर लिनक्स बसविले. लिनक्सचा गाभा १९९१ साली फिनलंडमधल्या लायनस टोरवाल्ड्‌स नावाच्या विद्यार्थ्याने लिहावयास घेतला, आणि तो आज जगभरची माणसे मिळून लिहितात. मला भीती होती ती या अडॅप्टरची. पुन्हा तबकडी, पुन्हा अठ्ठावीस. अडॅप्टर खोचले आणि ते चालू झाले. ड्रायव्हर गाभ्यातच होता. त्या चिपचा स्वभाव कोणीतरी ओळखून, लिहून, सर्वांसाठी उघडा ठेवला होता. सर्वच अडॅप्टरांचे असे होत नाही, काहींना अजून फार झगडावे लागते; म्हणून विकत घेण्यापूर्वी चिपचे नाव विचारावे, हे पुन्हा सांगतो.

त्यावरून आमच्या कारखान्यातला एक म्हातारा जॉबर मला आठवला. माग जुळवताना तो आम्हां पोरांना लांब उभे करी. पाठ आमच्याकडे, पाना पोटाशी. त्याची कला त्याच्याबरोबर गेली, आणि त्या ओळीतले चार माग पुढे कधी धड चालले नाहीत. त्याचाही इलाज नव्हता. ती कला हेच त्याचे म्हातारपणाचे पोट होते, आणि ती सर्वांना दिली असती तर मालकाने त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसविले असते. ड्रायव्हर दडवून ठेवणाऱ्या कंपनीला ही सबब लागू पडते असे मला वाटत नाही. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आमच्या कार्यालयात दर तीन महिन्यांनी परवलीचा शब्द बदलतात. नवा शब्द नव्हे, पण बदलल्याची तारीख मात्र इतिवृत्तात लिहिली जाते. डिप्लोमावाली ती मुलगी आता पुण्यास नोकरीला आहे. तिची वही, म्हणजे माझ्या अक्षरातली तिची वही, मी येथे आणली आहे. व्याख्यानानंतर ज्यांना उतरवून घ्यावयाची असेल त्यांनी टेबलापाशी यावे. कोणाचे अडॅप्टर अडून बसले असेल तर त्याच्या मागच्या बाजूचा आवृत्तीचा आकडा तेवढा वाचून घेऊन यावे. अध्यक्षांची परवानगी असेल तर प्रश्न विचारावेत.